हार्ड डिस्कचा कप्पा आणि विड्यांचं बंडल

कानडीत ‘मेले’ म्हणजे वर, आणि ‘अत्ते’ म्हणजे सासू. बेंगळुरातल्या पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी जिन्यात माझ्या बायकोला विचारलं, “निम्म अत्ते मेले?” म्हणजे तुमच्या सासूबाई वर आहेत का. आसावरीला साताऱ्याची तिची आत्या आठवली आणि ती पायरीवरच मटकन बसली. माझी आई वर गच्चीत पापड वाळत घालत होती.

*

आमच्या संस्थेच्या भांडार विभागात खुर्चीला नंबर असतो, पंख्याला असतो, पाण्याच्या पिंपालाही असतो. पिंपावरच्या पेल्याला नसतो. त्यामुळे पेला दर महिन्याला नवा असतो.

*

‘ळ’पासून सुरू होणारा शब्द मराठीत नाही. या अन्यायावर आसावरीने एक अख्खी दुपार घालवली आहे.

*

प्रतापरावांचं मत: खोबरेल तेलाने सुटत नाही अशी वस्तू जगात नाही.

*

मी यंत्र अभियंता आहे. हे आत्ताच सांगून टाकतो. पुढे सांगायला लाज वाटेल.

*

आता या सगळ्याची गोष्ट.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. आम्ही चामराजपेटेत अज्जींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. अज्जी म्हणजे त्या घरमालकीणबाई: सोवळं कडक, कणा ताठ, कानडीखेरीज एक अक्षर नाही. मी एका सरकारी संशोधन संस्थेत होतो. आसावरी साताऱ्याला पहिली-दुसरीला शिकवायची, ती माझ्या नोकरीपायी तिची नोकरी सोडून इथे आली. साताऱ्यात ती मेथीची जुडी घ्यायला गेली तरी ‘बाई, बाई’ करत पोरं मागे यायची. इथे आल्यापासून तिला कुणी बाई म्हणालं नव्हतं. याबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त रस्त्यात एखादी शाळा सुटत असली, की ती चालण्याचा वेग कमी करायची.

मग इथल्या मराठी मंडळाने मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढायचं ठरवलं. शिकवणार कोण, असं विचारल्यावर आसावरीचा हात इतक्या झटकन वर गेला की शेजारच्या बाईंचा चष्मा पडला. पुस्तक म्हणून मंडळाकडे पुण्याहून आणलेली अंकलिपी होती. तिच्यात जातं होतं, नांगर होता, आड होता. बेंगळुरातल्या पोरांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. आसावरी म्हणाली, पुस्तक मीच करते. इ इडलीचा, ऑ ऑटोचा, ब बसचा. माझ्या संस्थेने घरी वापरायला दिलेल्या कॉम्प्युटरवर तिने अक्षरं टाइप केली आणि चित्रं माउसने काढली. माउसने इडली काढून पाहा एकदा. बरेच दिवस ती ढगासारखी दिसायची, आणि ढग इडलीसारखा.

पुस्तक झालं. दोन गल्ल्या सोडून एक छापखाना होता, तिथे देवनागरी छापत. छापखानेवाले म्हणाले, शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या, लगेच मशीनवर चढवतो; सोमवारपासून निवडणुकीची पोस्टरं सुरू होणार, मग उन्हाळ्यापर्यंत तोंड वर करायला सवड नाही. पुस्तक नसेल तर वर्गही पुढे ढकलू, असं मंडळाचं ठरलं होतं. आणि मंडळाने पुढे ढकललेली गोष्ट पुन्हा कधी दिसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

शनिवारी सकाळी कळलं की चित्रांमुळे पुस्तक फ्लॉपीत मावत नाही. छापखान्यातला ऑपरेटर म्हणाला, “मग हार्ड डिस्कच घेऊन या की. मी इथे जोडतो.” येताना दही घेऊन या, अशा सुरात म्हणाला.

आमच्या कॉम्प्युटरवर मात्र भांडार विभागाचं कागदी सील होतं. मी नियमाने चालणारा माणूस आहे (हा गुण नव्हे, भित्रेपणा आहे, असं आसावरी म्हणते). कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी आमच्या भांडारपालांना घरी फोन लावला. भांडारपाल विठोजी. त्यांचं घराणं शेकडो वर्षं बेंगळुरात आहे आणि त्यांची मराठी इथल्याच पाण्यात मुरलेली आहे.

“सार, सील तोडलात?”

“नाही. त्यासाठीच विचारतोय.”

“विचारायचंच नव्हतं की. विचारल्यावर मला नको म्हणायला लागतं.”

“मग आता?”

“स्वल्प ऐका. कॉम्प्युटर ही एक वस्तू. नंबर एक. तुम्ही डिस्क काढली की वस्तू दोन. दुसरीला नंबर नाही. नंबर नाही म्हणजे ती वस्तूच नाही. नसलेली वस्तू रस्त्यानं कशी नेणार तुम्ही?”

बूथवाला माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता.

“पण सार,” विठोजी म्हणाले, “वस्तू आपणहून सुटली तर तो बिघाड. बिघाडाचा नियम वेगळा. बिघडलेलं दुरुस्तीला नेता येतं. आणि सील काय, कागदच तो. आपणहून पण निघतो.”

“म्हणजे डिस्क आपणहून सुटली पाहिजे?”

“असं मी म्हटलो नाही. तुम्ही म्हटलात. मी नुसतं सरी म्हटलो. सरी म्हणजे बरं.”

घरी आलो तर सील आपणहून निघालेलं होतं. आसावरीने त्याच्याजवळ फक्त चहाचं आधण ठेवलं होतं.

मी स्क्रू काढले, वरचं झाकण काढलं, वायरी सोडवल्या. डिस्क पत्र्याच्या एका कप्प्यात घट्ट बसवलेली होती, आणि तो कप्पा काड्यापेटीच्या आतल्या पेटीसारखा ओढून काढायचा होता. तो काढल्याशिवाय डिस्कच्या स्क्रूंपर्यंत हात पोचत नव्हता. ओढला. दोन बोटं बाहेर आला आणि थांबला. आणखी ओढला. हलेना. मी उभा राहून ओढला, बसून ओढला, दुसऱ्याच कशाकडे तरी बघत असल्यासारखा अचानक ओढला. पदार्थांची ताणशक्ती हा विषय मी चार वर्षं शिकलो आहे. पत्र्याने तो माझ्याहून मन लावून केला होता.

या वेळी प्रतापराव आले. प्रतापराव समोरच राहत. मूळचे नागपूरचे, विमानाच्या कारखान्यातून निवृत्त, आणि गल्लीत कुणाकडे स्क्रू-ड्रायव्हर निघाला की त्यांना वास येतो.

“काय करून राहिले, श्रीकांतभाऊ?”

“कप्पा अडकलाय.”

“याले कप्पा नाही म्हणत बाप्पा. बे म्हणतात. ड्राइव्ह बे.”

“बे?”

“बे.”

“बे एके बे,” आसावरी म्हणाली, “आणि सकाळपासून बे दुणे शून्य.”

प्रतापरावांनी खोबरेल तेल मागवलं. चमच्याने, देवाला घालावं तसं, कप्प्याच्या दोन्ही कडांना घातलं. आसावरीने खाली माझा बनियन धरला. जुना धरते म्हणाली होती, नवा निघाला. तेलाचा परिणाम ताबडतोब झाला. कप्पा तिथेच राहिला आणि आमची बोटं सुटू लागली.

“दोर बांधा,” प्रतापराव म्हणाले. “आमच्या कारखान्यात आम्ही इंजिनं काढत होतो दोरानं.”

घरात दोर नव्हता. होती ती परकराची नाडी. ज्या संशोधन संस्थेच्या दारावर मी ओळखपत्र दाखवून आत जातो, त्या संस्थेचं यंत्र मी परकराच्या नाडीने ओढतो आहे हे दृश्य कुणी पाहू नये, एवढीच माझी इच्छा होती. आसावरीने कॉम्प्युटरचा डबा मिठी मारून धरला, आम्ही दोघांनी नाडी ओढली. टेबल सरकलं, पातेलं पडलं, आणि दारात अज्जी उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं नीट पाहिलं. तेल पाहिलं. नाडी पाहिली. नाडीवर जरा जास्त वेळ पाहिलं.

“अय्यो! बिडी!” अज्जी म्हणाल्या. “बिडी, बिडी!” आणि हात मनगटातून दोनदा झटकून त्या खाली निघून गेल्या.

“बिडी?” मी म्हणालो.

“आपली विडी,” प्रतापराव म्हणाले. “हिंदीत बिडी म्हणतात, कानडीतही तेच असन. वीस वर्षं झाली मले इथं.”

“अज्जी? विडी?”

“हात कसा झटकला, पाहिला ना? राख झाडून राहिली होती.”

“अहो, काहीतरीच काय,” आसावरी म्हणाली. “त्या कांदासुद्धा घरात आणत नाहीत.”

“कांदा वेगळा, तंबाखू वेगळी. तंबाखू वनस्पती आहे.”

“कांदा काय प्राणी आहे?”

प्रतापरावांनी हा प्रश्न ऐकला नाही. “घरमालकीण आहे,” ते मला म्हणाले. “आपण सकाळपासून तिच्या डोक्यावर धाडधाड करून राहिलो. ते बिचारी भांडली का? नाही. काय मागितलं? एक विडी. द्या ना, भाऊ.”

यात तथ्य होतं. एवढी चांगली घरमालकीण शहरात दुसरी नव्हती. माणसाला एखादी सवय असते. आपण कोण बोलणार?

विडी विकत घेण्याची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. दुकानावर दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत मी शेजारी टांगलेल्या शाम्पूच्या पुड्या वाचत थांबलो. मग हलक्या आवाजात म्हणालो, “बिडी.” दुकानदाराने मोठ्या आवाजात विचारलं, कुठली? मी म्हणालो, चांगली. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि एक बंडल पुढे टाकलं. वर, न मागता, पोटाच्या गोळ्याही दाखवल्या.

वयोवृद्ध बाईंच्या हातात नुसतं बंडल ठेवणं बरं दिसेना, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातून ताटली घेतली. ताटलीत एकटं बंडल बरं दिसेना, म्हणून शेजारी काड्यापेटी ठेवली. खाली जाऊन अज्जींसमोर ताटली दोन्ही हातांनी धरली आणि थोडा वाकलो.

अज्जींनी ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा ताटलीकडे. भिंतीवरच्या फोटोतले त्यांचे यजमानही माझ्याचकडे बघत होते.

“पद्मनाभ!” अज्जींनी हाक मारली.

पद्मनाभ हा त्यांचा भाचा. बँकेत होता, शनिवारी दुपारी मावशीकडे जेवायला यायचा. त्याला हिंदी येत होतं, म्हणजे माझ्याइतपत.

“सार, ये क्या है?”

“बिडी. अज्जी ने मांगी.”

“अज्जी ने?”

त्याने अज्जींना कानडीत काही विचारलं. अज्जी बराच वेळ बोलल्या. बोलता बोलता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, संपलं. एका सत्तरीच्या बाईला मी रडवलं. आज घर जाणार. मग लक्षात आलं की त्या हसत होत्या. भिंतीचा आधार घेऊन हसत होत्या.

“सार,” पद्मनाभ डोळे पुसत म्हणाला, “अज्जी बोली बिडि. छोटा बि. मतलब, छोड़ दो. आप लाया बीडि. बड़ा बी.”

म्हणजे सगळा घोळ एका वेलांटीचा होता. मराठी माणूस पहिली वेलांटी लिहितो, दुसरी लिहितो, परीक्षेत दोन्हींचे मार्क घालवतो. पण ऐकताना त्याला सगळ्या वेलांट्या सारख्याच. आणि हे घडलं कुणाच्या घरी, तर अख्खा जानेवारी वेलांट्या शिकवण्याची तयारी करणाऱ्या बाईच्या.

“छोड़ दो?” मी म्हणालो.

“हाँ. हाथ कटेगा. छोड़ो, पहले खाना खाओ, बोली.”

तेवढ्यात वरून असा आवाज आला की फोटोतले यजमान तिरके झाले. मी ताटली तिथेच ठेवून जिना चढलो. वर प्रतापरावांनी नाडी कमरेला गुंडाळली होती आणि पाय टेबलाला लावून ते मागे रेलले होते. पलीकडून आसावरी डब्याला मिठी मारून, डोळे मिटून बसली होती. नाडी तुटली असती किंवा कप्पा एकदम सुटून डिस्क फरशीवर आपटली असती. दोन्हींपैकी काय आधी होतं एवढाच प्रश्न होता. आणि डिस्कमध्ये पुस्तक होतं.

माझ्या तोंडून, का कोण जाणे, कानडीच निघालं. “बिडि! बिडि!”

“आणली का?” प्रतापराव म्हणाले. “ठेवा तिकडं. मी कामात आहे.”

“अहो, सोडा! सोडा!”

“सोडा पण आणला?” प्रतापराव म्हणाले. “आधी विडी, आता सोडा. म्हातारी काय काय मागते बाप्पा!”

आसावरीने मात्र डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात सोडले.

मग जे झालं ते पटकन झालं. डबा तेलावरून घसरत प्रतापरावांकडे गेला, नाडी सैल पडली, प्रतापराव बसल्या जागी आडवे झाले. सैल पडलेला कप्पा एक कणभर आत गेला, आतून ‘टक्’ असं झालं, आणि कप्पा मखमलीवरून यावा तसा अलगद बाहेर सरकला आणि प्रतापरावांच्या पोटावर जाऊन थांबला. डिस्क फरशीला लागली नाही. प्रतापरावांच्या पोटाबद्दल मी आजवर जे काही बोललो आहे, ते सगळं मागे घेतो.

आत एक खटका होता. ओढलं की तो खाचेत घट्ट रुतत होता. सोडलं की मोकळा होणार होता. आम्ही सकाळपासून तो अडकवण्याचं काम करत होतो. अज्जींना खटक्याचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना आमच्या बोटांची काळजी वाटली होती.

“आपणहून सुटला ना?” आसावरी म्हणाली. “हात कुणाचा नव्हता ना लागलेला?”

“आपणहून,” मी म्हणालो. दारात पद्मनाभ उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी त्याने बँकेच्या सवयीने मान डोलावून साक्ष दिली. सोमवारी मी विठोजींना तसंच सांगितलं, आणि ते तसंच ‘सरी’ म्हणाले.

अज्जींनी जेवल्याशिवाय घराबाहेर पडू दिलं नाही. चौघांना चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, वाढलं. मग डिस्क गुंडाळायला स्वतःचा धुवट पंचा दिला. आसावरीने ते गाठोडं छातीशी धरलं, प्रतापराव पुढे रस्ता मोकळा करत, मी मागे छत्री धरून, असे आम्ही छापखान्यात गेलो. बारशाला निघाल्यासारखे दिसत असणार, कारण दोन बायकांनी वाकून पंचात पाहिलं.

ऑपरेटरने डिस्क हातात घेऊन वास घेतला. “याला तेल कुणी लावलं?”

“न्हाऊ घातलं आहे,” प्रतापराव म्हणाले. “जोडा लवकर.”

त्याने जोडली. आम्ही पडद्याकडे बघत उभे राहिलो. आसावरी पडद्याकडे बघत नव्हती, ती ऑपरेटरच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग पहिलं पान आलं आणि ऑपरेटर म्हणाला, “ही इडली आहे ना?” आसावरी तिथल्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

वर्ग ठरल्या रविवारी सुरू झाला. बांधणीत एका पुस्तकाचं पान उलटं लागलं होतं. ते नेमकं ईरा नावाच्या एका मुलीला मिळालं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, माझा ऑटो उलटा पडलाय.”

आसावरी तिच्यापाशी गेली. ते पान सरळ होण्यासारखं नव्हतं, तरी तिने ते सरळ करायला फार वेळ लावला. मी दारात होतो, मला तिची पाठ तेवढी दिसली. ती साताऱ्यातली पाठ होती.

मराठी पुस्तकात शेवटच्या पानावर आभार असतात. आसावरीच्या पुस्तकात त्याला जागा उरली नाही, म्हणून ते इथे उरकतो. विठोजींचे, त्यांनी काहीही न म्हटल्याबद्दल. प्रतापरावांचे, तेलाबद्दल नव्हे. पद्मनाभचे, अज्जी काय म्हणाल्या हे आम्हाला कळावं इतकं हिंदी त्याला येत असल्याबद्दल. छापखान्याचे, पोस्टरांच्या आधी इडली छापल्याबद्दल. आणि अज्जींचे. ते मी त्यांच्यासमोर कानडीत मानायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी आधी माझ्या हातात काही आणलंय का ते पाहून घेतलं.

पुढे पद्मनाभकडून कळलं, की त्याच जानेवारीत अज्जींच्या मुलाची हुबळीहून बेंगळुरात बदली झाली होती आणि त्याला राहायला वरचा मजला हवा होता. अज्जींनी त्याला कळवलं होतं की इतक्यात नाही, वर पुस्तक चाललंय.